दत्तूच्या वाटणीचे तेल

श्रीनिवास औरादकरला मी पहिल्यांदा पाहिले ते चादरघाटच्या पुलावर. १९५० सालची दिवाळी नुकतीच झाली होती. शाळेत शिकवून परतताना मी सायकल हातात धरून चढ चढत होतो. मागून असा आवाज आला, की मालमोटार अंगावर येते आहे असे वाटून मी कडेला सरकलो. आवाज वाढत गेला, पण येणारे काही येईना. शेवटी वळून पाहिले. खाकी रंगाची एक लष्करी मोटारसायकल होती. इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होते आणि चाक मात्र सावकाश, बैलाच्या चालीने फिरत होते. वर एक किडकिडीत तरुण ताठ बसला होता. डोक्यावर काळी टोपी, कोटाची सगळी बटणे लावलेली.

तेवढ्यात गवताने भरलेली एक बैलगाडी त्याला मागे टाकून पुढे गेली. गाडीवान मागे वळून म्हणाला, "क्या साब, रस्सी बांध दूं?"

"नको," तो मराठीत म्हणाला, "पोचतो."

मी त्याच्या बरोबरीने चालू लागलो. तो वाहनावर आणि मी पायी, तरी आमची चाल सारखीच होती. आमची ओळख झाली ती अशी, ओरडून ओरडून.

"काय बिघडलंय?"

"क्लच घसरतो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"दुरुस्त करून नाही घेतला?"

"घेतो ना. पुन्हा दिवाळी येते."

हा थट्टा करतो आहे असे मला वाटले. पण चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता, वैतागाचाही नव्हता. पत्ता विचारणाऱ्याला पत्ता सांगावा तसे त्याने सांगितले होते. पुढे निघाले की तो मलकपेठेतच राहतो, मी नव्याने घेतलेल्या खोलीपासून दोन घरे सोडून. घरापाशी आल्यावर त्याने इंजिन बंद केले. एकदम इतके शांत झाले, की त्याच्या कोटावर बसलेली धूळ झटकल्याचा आवाजही मला ऐकू आला.

औरादकर मूळचे बीदरकडचे, पण तीन पिढ्या हैदराबादेत सरकारी नोकरीत होत्या. घरात मराठी, दप्तरात उर्दू, बाजारात दखनी. श्रीनिवास बांधकाम खात्यात कारकून होता. त्याचे उर्दू अक्षर छापल्यासारखे देखणे होते. मराठी लिहायला बसला की मात्र आमच्या चौथीच्या मुलांसारखा जीभ दातात धरून लिही. वडील मुकुंदराव लवकर गेले होते. घरात तो आणि आई, सावित्रीबाई.

आणि दत्तात्रय. त्याच्याबद्दल घरात कोणी 'होता' म्हणत नसे.

दत्तात्रय थोरला. बोलका, शीळ घालणारा, कोणाच्याही लग्नात वाढायला उभा राहणारा. लढाई संपल्यावर लष्कराने जुनी वाहने लिलावात काढली, तेव्हा त्याने ही मॅचलेस कंपनीची मोटारसायकल घेतली होती. सबंध मलकपेठेत तशी दुसरी नव्हती. घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी मैदानाबाहेर लोक घोड्यांइतकेच तिच्याकडे बघत, असे शेजारी मला सांगत.

१९४८च्या सप्टेंबरात शहरात रोज नवी अफवा उठत होती. एका दुपारी दत्तात्रय वर्तमानपत्र वाचायला अफझलगंजच्या मोठ्या वाचनालयात म्हणून गेला. रात्री आला नाही. सकाळी श्रीनिवास पायी तिथे गेला. वाचनालयाच्या पायऱ्यांसमोर गाडी स्टँडवर नीट उभी होती. दांड्याला धूळ डोळ्यांत जाऊ नये म्हणून लावायचा चष्मा अडकवलेला होता. कोणी हात लावला नव्हता. माणूस तेवढा नव्हता. श्रीनिवासने वाचनालयात विचारले, जवळच्या दवाखान्यात विचारले, पोलिसचौकीत विचारले. मग त्याने गाडी ढकलत मलकपेठेत आणली, कारण त्याला ती चालवता येत नव्हती.

थोड्याच दिवसांत भारताच्या फौजा आल्या, निजामाचे राज्य गेले. एका माणसाची चौकशी करायला कोणाला सवड नव्हती. पुढे सवड झाली तेव्हा सांगण्यासारखे काही कोणाकडे उरले नव्हते. दत्तात्रय जिवंत असल्याची खबर आली नाही, गेल्याचीही आली नाही. त्यामुळे सुतक नाही, दिवस नाहीत, काही नाही. सावित्रीबाईंनी फक्त एक गोष्ट सांगितली. श्रीनिवासने ती मला एकदा जशीच्या तशी ऐकवली: "दत्तू येईल तेव्हा गाडी चालू पाहिजे. बंद गाडी बघितली की त्याचं डोकं फिरतं."

म्हणून श्रीनिवास मोटारसायकल शिकला. त्याला ती आवडत नव्हती. रोज कचेरीला तिच्यावरून जाई, रोज संध्याकाळी पुसून ठेवी. एखाद्याने शेजाऱ्याचे जनावर सांभाळावे तसा तो ती सांभाळत होता.

आमची ओळख झाल्यानंतर एका सुट्टीच्या सकाळी तो म्हणाला, "मास्तर, गौस मियाँकडे जायचंय. येता?" मी गेलो. जाताना चढ लागला की मी मागून उतरायचो आणि चालायचो.

गौस मियाँचे दुकान अफझलगंजला, एका पिंपळाच्या आडोशाला. दुकान म्हणजे पत्र्याचे छप्पर आणि खाली तेलाने काळी झालेली जमीन. माणूस भरदार, डोळ्यांत सुरमा, तोंडात पान. आम्हाला बघताच म्हणाला, "आगए? मैं बोलाच था. दिवाली होगई, अब औरादकर साब आते."

त्याने गाडीच्या डाव्या बाजूचा पत्र्याचा डबा खोलला. साखळी आणि क्लच त्यात असतात. मला काही कळत नाही हे पाहून त्याने चकत्या काढून माझ्या हातात दिल्या. लोखंडी चकत्यांत बाटलीच्या बुचाचे असतात तसे बुचाचे तुकडे बसवलेले होते. या चकत्या एकमेकींवर दाबून बसतात आणि इंजिनाचा जोर चाकाला पोचवतात. त्यांना पातळ तेल लागते, तेही थोडेसे. तेल चिकट झाले, की त्याची राळ बुचांवर बसून ती गुळगुळीत होतात आणि पकड सुटते. मग इंजिन ओरडते आणि चाक ऐकत नाही.

गौस मियाँने डब्यातले तेल तसराळ्यात ओतले, बोट बुडवले, नाकाजवळ नेले.

"साब, इसमें कोई भजिये तलरा क्या?"

"नहीं," श्रीनिवास म्हणाला.

"तो ये तिल का तेल किदर से आया?"

"मालूम नहीं."

"पिछले साल बी था."

"हौ. था."

"कोई दुश्मन है क्या? ताला लगाओ." मग स्वतःच विचार करून म्हणाला, "दुश्मन होता तो शक्कर डालता. तिल का तेल कौनसा दुश्मन डालता?"

श्रीनिवास पिंपळाकडे बघत उभा होता. गौस मियाँने बुचे पेट्रोलने धुतली, काचेच्या तुकड्याने हलकेच खरवडली आणि एका डबीतून पाण्यासारखे तेल घातले. कापडाच्या गिरणीत सूत कातणाऱ्या चात्यांना घालतात ते. परतताना पुलाचा चढ गाडीने मला मागे बसवून सहज चढला. घरी आल्यावर श्रीनिवासने ती रोजच्यासारखी पुसून ठेवली. मला वाटले, याला आनंद झाला असेल तरी तो कुठे ठेवायचा हे याला ठाऊक नाही.

तेलाचा उलगडा मला पुढच्या दिवाळीला झाला. माझी माणसे गावी गेली होती, म्हणून सावित्रीबाईंनी पहाटे फराळाला बोलावले. "एकट्याने काय ती दिवाळी करता मास्तर, या इकडेच." मी गेलो तेव्हा अंगणात पणत्या होत्या, बंबात पाणी तापले होते. ओसरीवर पाट मांडला होता आणि पाटाशेजारी दोन पितळी वाट्या होत्या. दोन्हींत कोमट तीळतेल.

सावित्रीबाई ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या, हाताला चपळ. त्यांनी श्रीनिवासच्या डोक्यावर तेल थापले, पाठीला, दंडाला लावले. पहिली वाटी रिकामी झाली. मग त्यांनी दुसरी उचलून त्याच्या हातात दिली. तो तसाच, पंचा नेसलेला, तेलाने माखलेला, वाटी घेऊन अंगणात गेला. मोटारसायकल तिथे उभी होती. तिलाही झेंडूची माळ घातली होती. त्याने डब्याचे झाकण फिरवून काढले, वाटीतले तेल आत ओतले, झाकण लावले आणि आत आला.

"घातलंस?"

"घातलं."

"सगळं?"

"सगळं."

"जा मग, न्हाऊन घे."

तो न्हाणीत गेल्यावर सावित्रीबाईंनीच मला समजावले. एकाच्या नावाने काढलेले अभ्यंगाचे तेल पुन्हा भांड्यात घालायचे नाही, दुसऱ्याच्या डोक्यालाही लावायचे नाही, ही त्यांच्या सासरची रीत. पहिल्या वर्षी हात सवयीने गेला आणि दोन वाट्या काढल्या गेल्या. मग दत्तूच्या वाट्याचे करायचे काय? "म्हटलं, त्याच्या गाडीला घाल. गाडी त्याचीच ना. आणि तेलानं यंत्राचं कधी वाईट होतं का मास्तर? शिवणाच्या मशीनला घालतो, बिजागरीला घालतो."

मी चकली खात होतो. मी म्हणालो, "खरं आहे."

त्या संध्याकाळी मी श्रीनिवासला विचारले, "आईंना सांगत का नाही?"

"काय सांगू?"

"की त्या तेलानं क्लच घसरतो."

त्याने गाडीवरची झेंडूची माळ सरळ केली. मग म्हणाला, "आई विचारेल, मग दुसरं कुठे घालायचं. मला त्याचं उत्तर येत नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "गाडी चालू पण राहिली पाहिजे. ते पण तिनंच सांगितलंय."

त्याच्यापुढचा प्रश्न असा होता. आईचे तेल दर वर्षी आत गेले पाहिजे, आणि गाडीही दत्तू येईल त्या दिवशी धावली पाहिजे. यातले एकही सोडायला तो तयार नव्हता. म्हणून तो तिसरीच गोष्ट शोधत होता: आईच्या तेलाशी जमवून घेईल असे एखादे तेल.

पुढची काही वर्षे हा शोध चालला. गौस मियाँकडे जाऊन तो दर खेपेला एकच प्रश्न विचारी. "ऐसा कौनसा तेल है मियाँ, जो दूसरे तेल कू बर्दाश्त करे?"

एका खेपेला गौस मियाँ पान थुंकून म्हणाला, "साब, तुम तेल ढूंढरे की बहू?"

आजूबाजूचे सगळे हसले. श्रीनिवासही किंचित हसला, म्हणजे ओठांची एक बाजू हलली. सून शोधण्याचे काम त्याने कधी कोणाला करू दिले नव्हते. आलेल्या स्थळांना "दत्तूचं आधी" एवढेच उत्तर मिळे, आणि ते सावित्रीबाईंकडून नव्हे, त्याच्याकडून.

एकदा त्याने जाड काळे इंजिनचे तेल घालून पाहिले. मोटारसायकल सकाळी जागची हलेना. एकदा शिलाईच्या मशीनचे तेल घातले, ते पत्र्याच्या डब्याच्या सांध्यातून गळून अंगणात थारोळे झाले. मग त्याने विचार केला की तीळ झाडाचे, एरंडही झाडाचेच, दोघांचे जमेल. बेगम बाजारातून एरंडेल आणले. दोघांचे जमले खरे. इतके जमले, की चकत्या एकमेकींना चिकटून बसल्या. श्रीनिवासने रेसकोर्सच्या वळणावर गियर टाकला तशी गाडी एकदम उडी मारून एका भाजीवाल्याच्या पाटीत घुसली. भाजीवाल्याने त्याला पुष्कळ सुनावले. हा मान खाली घालून वांगी गोळा करत राहिला. त्या रात्री त्याच्या कोपराला पट्टी बांधताना सावित्रीबाई म्हणाल्या, "दत्तू कधी पडला नाही हो."

"नाही पडला," श्रीनिवास म्हणाला.

१९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी ठरली. तेलुगू मुलूख आंध्राला, कानडी म्हैसूरला, आमचा मराठवाडा मुंबईला. सरकारी नोकरांचीही वाटणी झाली. ज्याची बोली मराठी त्याला मुंबई राज्यात जायचे. श्रीनिवासची नेमणूक औरंगाबादला झाली. नको असेल तर अर्ज करून इथेच राहता येत होते, पण मग बढती विसरायची आणि पुढे तेलुगूत दप्तर सांभाळायचे. आमच्या आळीतली बरीच घरे त्या महिन्यांत रिकामी झाली. सकाळी दारासमोर टांगा, त्यावर पितळी भांड्यांची पोती, संध्याकाळी दाराला कुलूप. माझ्या वर्गातली मुले एकेक करून कमी होत होती. मी हजेरी घेताना गेलेल्यांची नावे सवयीने उच्चारत असे आणि वर्ग गप्प बसे.

श्रीनिवासने आईला विचारले. सावित्रीबाई म्हणाल्या, "तू जा. मी इथेच राहते. दत्तू आला तर कुलूप बघून कुठे जाईल?"

त्याच्या कचेरीतले अप्पाराव मला रस्त्यात भेटले. ते स्वतः औरंगाबादला निघाले होते. "म्हातारीनं पोराला दाव्याला बांधलंय मास्तर. जाणारा जातो, मागच्यानंही मरायचं का?" आळीत सगळ्यांचे मत हेच होते. माझेही होते.

श्रीनिवास हो म्हणेना, नाही म्हणेना. एकदा म्हणाला, "गेलो तर गाडी घेऊन जाईन. रस्त्यानं." मग गौस मियाँला सांगून आला की लांबच्या पल्ल्यासाठी क्लच पक्का करून पाहिजे.

दिवाळी चार दिवसांवर असताना गौस मियाँ स्वतःच मलकपेठेला आला. हातात पातळ तेलाची डबी आणि पिशवीत नव्या बुचांच्या चकत्या. इतक्या दूर जाणारी गाडी आपण दुकानात बसून दुरुस्त करायची नाही, घरी जाऊन करायची, असे त्याचे मत होते. मी अंगणात खाटेवर बसलो होतो. सावित्रीबाई ओसरीवर कडबोळी वळत होत्या.

डबा खोलून त्याने तसराळ्यात ओघळणाऱ्या तेलाकडे पाहिले. वर्ष सरत आले तरी डब्याच्या कोपऱ्यांत पिवळसर राळ होती. तो कंटाळून ओसरीकडे वळला. "अम्मा, तुमच देखो. हर साल इसमें कोई तिल का तेल डालरा. आठ साल होगए. मैं धोरा, वो डालरा. मैं धोरा, वो डालरा."

श्रीनिवास उठून उभा राहिला.

सावित्रीबाईंनी हातातले कडबोळे ताटात ठेवले. "मैंच डलवाती मियाँ," त्या म्हणाल्या. "दत्तू का हिस्सा है."

गौस मियाँने त्यांच्याकडे पाहिले, मग श्रीनिवासकडे, मग माझ्याकडे. दत्तात्रयला तो ओळखत होता. ही गाडी पहिल्यांदा त्याच्याकडे आणली ती दत्तात्रयनेच. तो पुन्हा खाली बसला आणि चकत्या पुसू लागला.

"त्यानं बिघडते का रे?" सावित्रीबाईंनी मराठीत विचारले.

"थोडी," श्रीनिवास म्हणाला.

"दर वर्षी?"

"होते मग नीट."

राहिलेल्या पिठाची कडबोळी त्यांनी पूर्ण केली, ताट उचलून आत गेल्या. गौस मियाँने नव्या चकत्या बसवल्या, तेल घातले, झाकण लावले. निघताना फाटकापाशी हलक्या आवाजात म्हणाला, "बोलना था ना साब. मैं भजिये-भजिये करके मजाक करते बैठा." मग म्हणाला, "ऐसा तेल नहीं है. मैं झूट नहीं बोलता. अम्मा का तेल अंदर जाएगा तो बूच फिसलेगाच."

"हौ," श्रीनिवास म्हणाला. "समझा."

नरकचतुर्दशीच्या पहाटे मी नेहमीसारखा गेलो. अंगणात पणत्या होत्या, बंब पेटला होता, पाट मांडला होता. पाटाशेजारी एक वाटी होती.

श्रीनिवास पाटावर येऊन बसला. सावित्रीबाईंनी त्याच्या डोक्यावर तेल थापले. तेल कानामागून ओघळत होते आणि तो वाटीच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होता.

"दुसरी?"

"नाही काढली."

"का?"

"गाडी लांब न्यायचीय ना तुला." त्या त्याचा दंड चोळत होत्या. "मी पण येते. काल रात्री ठरवलं. मास्तर आहेत इथे. कोणी आलंच, तर पत्ता देतील. द्याल ना मास्तर?"

मी म्हणालो, देईन.

त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. बाजारातून काय आणायचे ते सांगावे तसा. त्यांनी त्याच्या पाठीला तेल लावले, हात पुसले आणि म्हणाल्या, "ऊठ."

श्रीनिवास उठला. न्हाणीकडे न जाता तो स्वयंपाकघरात गेला. फळीवरून दुसरी वाटी काढल्याचा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा वाटी काठोकाठ भरलेली होती, आणि तेल तापवलेले नव्हते. तो अंगणात उतरला. त्याच्या पायांचे तेलकट ठसे फरशीवर उमटले.

"श्रीनिवास, आत नको घालू," सावित्रीबाई म्हणाल्या. "बिघडते ना ती."

त्याने झाकण काढले होते. त्याने तेल ओतले. गार तेल जाड होते, ते हळूहळू उतरत होते आणि तो वाटी तिरपी धरून शेवटच्या थेंबापर्यंत थांबला. मग झाकण लावले.

"मी नाही जात," तो म्हणाला.

"कुठे?"

"औरंगाबादला."

सावित्रीबाई ओसरीच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला. आळीत कुठेतरी पहिला फटाका वाजला. इतकी वर्षे आम्ही सगळे समजत होतो की म्हातारीने मुलाला धरून ठेवले आहे. त्या पहाटे ती सोडत होती, तेव्हा दिसले की धरून कोण बसले होते.

"न्हाऊन घे," त्या म्हणाल्या. "पाणी निवतंय."

तो न्हायला. मग आम्ही तिघांनी फराळ केला. कडबोळी छान झाली होती, असे मी म्हणाल्याचे आठवते.

सणाची सुट्टी संपल्यावर त्याने इथेच राहण्याचा अर्ज दिला. कचेरीतून परत येताना पुलाच्या चढावर त्याची गाडी ओरडत होती. मी सायकल धरून बरोबरीने चाललो. त्याने विचारले, "तेलुगू शिकवणारं कोणी माहीत आहे का, मास्तर?" मी एक नाव सांगितले.

गौस मियाँने त्या वर्षी गाडी मुकाट्याने धुऊन दिली. पुढच्या दिवाळीच्या आधी सावित्रीबाईंनीच त्याला बोलावून घेतले. "मियाँ, कातडे कू चलता क्या ये तेल?" गौस मियाँने गाडीच्या चामड्याच्या बैठकीवर हात फिरवला. ती उन्हाने तडकली होती. "चलता अम्मा," तो म्हणाला, "बहोत चलता." तेव्हापासून दत्तात्रयच्या वाट्याचे तेल बैठकीला लागू लागले. दोघांनाही ते पटायला वर्ष लागले, पण पटले. क्लच परत घसरला नाही. श्रीनिवास मात्र दर दिवाळीनंतर सवयीने गौस मियाँकडे जाई. गौस मियाँ डबा न उघडता चहा मागवी.

सावित्रीबाई १९६४च्या उन्हाळ्यात गेल्या. त्यांचे सगळे दिवस श्रीनिवासने रीतसर केले. तेव्हाही मी त्याला रडताना पाहिले नाही. आल्यागेल्याला पाणी देत होता, चपला सरळ करून ठेवत होता. भटजींनी हळूच विचारले, "थोरल्यांचंही याच वेळी करून घ्यायचं का?" तो म्हणाला, "नाही, ते राहू द्या." भटजींनी पुन्हा विचारले नाही.

पुढे तो बांधकाम खात्यातूनच निवृत्त झाला. बढती मिळाली ती उशिरा आणि एकच. तेलुगू मात्र त्याला चांगले आले. माझ्या नातवाला तोच शिकवायचा आणि माझ्यापेक्षा कमी रागवायचा. गौस मियाँचे दुकान आता नाही, पिंपळ आहे. गाडीची बैठक काळीभोर आणि मऊ आहे. रविवारी सकाळी तो इंजिन चालू करतो, थोडा वेळ ऐकतो आणि बंद करतो. आळीतली मुले तिला 'आजोबांची भटभट' म्हणतात आणि कितीची आहे ते विचारतात. तो म्हणतो, "माझी नाही."

श्रीनिवास त्याच घरात राहतो. दिवाळीच्या आधी तीळतेल आणायला तो बेगम बाजारात जातो. बसने जातो आणि अफझलगंजला, वाचनालयाच्या पायऱ्यांसमोर उतरतो.